एनॉकच्या हाताचा गुण

हॅना स्टोबार्टच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. त्यामुळे तिच्या नवऱ्याचा खोकला मी जेवढा ऐकला तेवढा कुणी ऐकला नसेल, आणि त्याचं तोंडही. एनॉक इंग्लंडातल्या आमच्या डरहॅमच्या खाणीत कोळसा फोडायचा, पण गावात नाव होतं ते त्याच्या फेरेटांचं. मुंगसासारखी लांबट, पांढरी जनावरं; बिळात सोडली की ससे बाहेर हाकलायची. दुसऱ्या महायुद्धानंतर मटण रेशनवर होतं तेव्हा अर्धी आळी त्यांच्या जिवावर जेवली.

खुराडी परसात होती आणि तिथे हॅनाला मज्जाव. "तुझ्या हातांना साबणाचा वास येतो. परका वास आला तर मादी पिल्लं खाते," म्हणायचा. जशी काही ही बाई त्याच्या कोळशानं काळ्या झालेल्या चड्ड्या हौसेनं धूत होती.

पुढे छातीत कोळशाची धूळ बसली आणि एनॉकनं अंथरूण धरलं. वरच्या खोलीतून हुकूम सुटायचे, खाली हॅना राबायची. फेरेटांसाठी दुधात पाव कुस्करायचा, पेंढा बदलायचा. घरट्याजवळ जाण्याआधी हात त्यांच्याच मळक्या पेंढ्यात चोळायचे, हे तिनं इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघूनच उचललं होतं. वसंतात डचेस नावाची मादी व्याली. "आतून चिवचिव ऐकू येतेय गं," हॅना मला कुंपणावरून म्हणाली. "या खेपेला तरी 'बरं केलंस' म्हणेल." तेवढीच भूक होती तिची. मला तिची कीव आली आणि रागही आला.

एनॉकनं भलतंच काढलं. मी त्याच्यासाठी सूप घेऊन गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच म्हणाला, "एक पिल्लू वर आण. बघायचंय मला."

"डोळे उघडेपर्यंत घरट्याला हात लावायचा नाही. तुझाच नियम आहे."

"माझे मिटायला आलेत. आण म्हणतो ना."

तिनं हात पेंढ्यात चोळले आणि पेंढ्यातच गुंडाळून पिल्लू आणलं. गुलाबी, आंधळं, करंगळीएवढं. एनॉकनं ते उघड्या छातीवर धरलं. छातीला कापराचं मलम थापलेलं. "माझं वाण," तो म्हणाला. हॅना पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, वाट बघत. मग पिल्लू घेऊन खाली गेली.

सकाळी घरटं रिकामं. डचेस तेवढी तोंड चाटत बसलेली.

"साबण," एनॉक म्हणाला. "सांगितलं होतं."

मी म्हणणारच होते की अरे, तुझ्या छातीवरचा कापूर. पण हॅनानं माझं मनगट आवळलं. खाली आल्यावर मी तिच्यावर उखडले. "गप्प का बसलीस?"

"मरणाऱ्या माणसाला काय सांगू? तुझ्यामुळे गेली म्हणून?"

एनॉकनं हे भाऊ सेपला सांगितलं, सेपनं क्लबात. एनॉकच्या मयतीनंतर हॅनाच्याच घरी बसून, तिच्याच हातचे हॅमचे सँडविच खात बायका कुजबुजल्या की पिल्लं हिच्या हातांनी गेली.

पुढच्या वसंतात डचेस पुन्हा व्याली. हॅनानं कुणाला कुंपणाजवळ फिरकू दिलं नाही. सगळी जगली. डोळे उघडून पिल्लं बोटं चावायला लागली तेव्हा सेप आला आणि एक उचलून म्हणाला, "शेवटी एनॉकच्या हाताचा गुण. दोन ठेव माझ्यासाठी, वहिनी."

हॅनानं पिल्लू काढून घेतलं आणि खुराड्याची कडी लावली. "त्याच्या हातचं हवं ना? मग कब्रस्तानात जाऊन माग."

सेप आता सांगत फिरतो की नवरा गेल्यापासून वहिनीची जीभ कडू झालीय.

संध्याकाळी मी गेले तर ती खुराड्यापाशी वाकलेली, कोपरापर्यंत पेंढा लागलेला. "बरं केलंस, हॅना," मी म्हटलं.

तिनं वर बघितलं नाही. "तू म्हटलंस त्याचा काय उपयोग," म्हणाली.