पूजेचा कोट

लग्नानंतर आम्ही गोत्रीला राहायला गेलो, तेव्हा एका रविवारी नवऱ्याने भाड्याची सीडी आणली. इंग्रजी सिनेमा होता. दुकानातला एक साधा नोकर घरच्या घरी सुपरहीरोचा पोशाख शिवतो, तोंडाला फडकं बांधतो आणि चोरांना बदडायला निघतो. चोरच त्याला बदडून काढतात. नवरा आणि दीर हसून हसून लोळत होते. मी भाजी चिरायचं निमित्त करून आत गेले. पुढे तसले सिनेमे बरेच निघाले, पण मी एकही शेवटपर्यंत पाहिला नाही. त्यातल्या नायकाला सहसा कॉलेजात जाणारी मुलगी नसते, म्हणून लोकांना हसता येतं, असं आपलं माझं मत.

मी अशाच एका नायकाची मुलगी. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती असं गोड नाव देऊन बाबांना घरी बसवलं, त्याच वर्षी हरणीला आमच्या सोसायटीबाहेर स्कूटरवरच्या दोघांनी आईचं मंगळसूत्र ओढून नेलं. मानेवरचा वळ आठवड्यात गेला, भीती काही गेली नाही. आई कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडेही जाईना. तिने पुन्हा बाहेर पडावं, एवढा एकच ध्यास बाबांनी घेतला.

आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. तलवार कधीच गेली होती, उरला होता लाल बनातीचा एक कोट. खंडेनवमीला बाकीचे शस्त्रं पुजतात, आमच्याकडे कोट पुजायचे. तो अंगात घालायची कुणाची छाती नव्हती. बाबांनी घातला. पूर्वजांपेक्षा हेडक्लार्कचं पोट मोठं, म्हणून आईनेच मशीनवर बसून तो कमरेत सैल करून दिला. डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट, गळ्यात शिट्टी, हातात वेताची काठी.

"तू पुढे चाल," ते आईला म्हणाले. "मी दहा पावलं मागे आहे."

रोज सकाळी ही वरात निघे. "चालो, काकानी परेड नीकळी," गॅलरीतून कुणीतरी गुजराती शेजारी म्हणे. आई आधी भाजीवालीपर्यंत गेली, मग पिठाच्या गिरणीपर्यंत, मग रस्त्यापलीकडच्या देवळापर्यंत. दर चार पावलांनी ती मागे वळून बघायची, नंतर आठांनी. ती सावरत होती, हे मला दिसलंच नाही. मला फक्त तो कोट दिसायचा. लाजेने मी सोसायटीच्या मागच्या फाटकातून कॉलेजला जायचे.

खंडेनवमीला सकाळी कोटाची पूजा झाली आणि संध्याकाळी बाबा कॉलरवरच्या कुंकवासकट तो घालून गरब्याच्या मैदानाबाहेर उभे राहिले. आईला त्यांनी समोर रस्त्यापलीकडच्या देवळात पोचवलं होतं. अजून ऊन होतं. उभ्या मोटरसायकलीवर बसलेला एक तरुण एका मुलीच्या गळ्याशी ओढाताण करत होता. बाबांनी शिट्टी फुंकली आणि काठी हाणली. त्याचं मनगट मोडलं. ती त्याची बहीण होती. तिचा हार ओढणीच्या भरतकामात अडकला होता आणि तो सोडवत होता.

लोक धावले. कुणी हेल्मेट उडवलं, कुणी कोटाची बाही फाडली. बाबा उलट हात उचलत नव्हते, नुसते "चूक झाली, भूल थई गई" म्हणत होते.

"आ काका कोना छे?" एका बाईने गर्दीला विचारलं. "घरनुं कोई छे के नहीं?"

घरची मी होते. चणियाचोळी घालून, मैत्रिणींच्या घोळक्यात, पाच हातांवर. दोन शब्द बोलायचे होते. मी माझ्या पैंजणांकडे बघत राहिले. आज वय झालं तरी त्या संध्याकाळची माझीच मला शिसारी येते.

आई रस्त्यापलीकडे होती. बाबांशिवाय फाटकाबाहेर पाऊल न टाकणारी ती बाई वाहनांमधून एकटी रस्ता ओलांडून आली आणि गर्दीत घुसली. नवऱ्याचं कोपर धरून म्हणाली, "मारा मिस्टर छे." मग त्या बहीणभावापुढे तिने हात जोडले.

बाबा घामाने निथळत चौफेर बघत होते. त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली. माझ्या शेजारी मैत्रिणी तोंडावर हात धरून हसत होत्या, तेही त्यांनी पाहिलं.

"आपली पोरगी कुठे दिसली का?" आईने विचारलं.

"नाही," बाबा मान फिरवून म्हणाले. "इथे नाहीये ती."