गुलाबराव सुधारून देतात

कोणी काही करत असलं की गुलाबराव मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "एक छोटंसं करेक्शन." हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत या माणसाने काही म्हणून सोडलं नाही. दारातली रांगोळी, गाडी लावायची रीत, मयताच्या घरच्या बाईचं रडणंसुद्धा! पोराच्या थोबाडीत दिली तरी ते करेक्शन, शेजाऱ्याचा पाणउतारा केला तरी करेक्शनच. स्वतःला मात्र एक काम धड येत नव्हतं. नळ दुरुस्त करायला माणूस बोलवायचे आणि त्यालाच शिकवायचे.

"सांगितल्याशिवाय माणूस सुधारत नाही," असं ते शुद्ध मराठीत ऐकवायचे. माझं डोकं फिरायचं.

त्यांच्या बायकोचं, शोभावहिनींचं, एकच काम स्वतःचं होतं: लांब पोळ्या. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पातळ करायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद टाकायची. आमच्या पुतणीच्या हळदीला त्याच पोळ्या करत होत्या. पाहुण्या बाया कौतुकाने बघत होत्या. ते या गृहस्थाला कसं सोसवणार?

"कोपर वर घे. अगं, वर!" म्हणत त्यांनी सगळ्यांदेखत वहिनींचा हातच धरला. पोळी फाटली आणि वहिनींचा हात तापल्या मडक्यावर टेकला.

"बघा, म्हणून सांगत होतो," गुलाबराव पाहुण्यांना म्हणाले.

वहिनींनी कणकेचा गोळा त्यांच्या हातात दिला. "घ्या. आता तुमीच करा."

कणीक बोटांतून ओघळत कोपरापर्यंत आली, तरी हा माणूस तसाच उभा! त्याच आठवड्यात वहिनी खाप्याला भावाकडे गेल्या.

पुढे गुलाबरावांनी मलाच निरोप्या केलं. "चूक कबूल करत असेल तर ये म्हणावं."

मी गेलो. अंगणात वहिनी पोळ्या करत होत्या, शेजारणींशी हसत, बोलत. हुडकेश्वरला चुलीपुढे त्यांचं असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. निरोप सांगितला.

"कायची चूक जी, भाऊजी?" हात थांबला नाही. "बसा. गरम पोळी खाऊन जा."

परत आलो, तर गुलाबराव फाटकातच उभे. "काय म्हणाली?"

"काहीच नाही. पोळ्या करून राहिल्या होत्या."

"जमतात का तिला, मी नसताना?"

"तुमच्या घरी कधीच झाली नाही, इतकी पातळ पोळी खाऊन आलो," मी म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं, आणि अजूनही वाटतं.