डोक्यावरचं पाणी
परवा बँकेत स्लिप भरताना कार्बन पेपरचा तो तेलकट वास आला आणि मला साठच्या दशकातलं दुबईच्या खाडीकाठचं शिपिंग ऑफिस आठवलं. रत्नागिरीहून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. दुपारच्या लाँचने मालाची यादी समुद्रात नांगरलेल्या जहाजावर जायची होती आणि चार कार्बन लावून टाइप केलेला कागद मी तिसऱ्यांदा बिघडवला होता. "आणखी एक बिघडला तर पुढच्या बोटीने घरी," साहेब एवढंच म्हणाले. बाहेर ओहोटीचा चिखल उन्हात तापून वास मारत होता. दारातला म्हातारा अरब वॉचमन तरुणपणी मोत्यांसाठी बुड्या मारायचा. आता त्याला दोन पायऱ्या चढूनही धाप लागायची. बराच वेळ मला न्याहाळून तो आत आला आणि बंदरावर शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "सांस क्यों रोकता है? हम रोकता था, ऊपर पानी था. तेरे ऊपर तो पंखा है. यल्ला, चल, छोड़ दे." खरंच, ओळ संपेपर्यंत मी श्वास धरून बसत होतो. मग प्रत्येक ओळीला श्वास मुद्दाम सोडत गेलो. खांदे उतरले, बोटं सैल झाली आणि लाँच सुटायच्या आत कागद तयार झाला. साहेबांनी न वाचताच शिक्का मारला. परवा बँकेत सही करतानाही श्वास अडकला. मी मान वर करून पाहिलं. पंखा नव्हता, पण पाणीही नव्हतं.