ताईनं अपघात विभाग सोडला

माझी थोरली बहीण ऐन विशीत अपघात विभागात नर्स म्हणून लागली आणि केस पिकायला लागेपर्यंत तिथंच राहिली. सुरुवातीचे ते दिवस आठवले की अजून हसू येतं. घरी आली की जेवताना तिचं सुरू व्हायचं. एकदा एका पोरानं नाकात बटण घातलं होतं. ताईनं दुसरी नाकपुडी दाबून त्याला शिंकरायला लावलं, तर बटण थेट डॉक्टरांच्या चहात! बाबा ताट सरकवायचे. "अगं, जेवताना तरी नको!" पण ऐकायला कान टवकारलेलेच.

तिची जिवाभावाची मैत्रीण शिडी. उंच म्हणून शिडी. सलाईनची बाटली लावायला तिला टाचा उंचवाव्या लागत नसत. दोघी एकमेकींचं काम न सांगता उचलायच्या.

मग एकेक नर्स नोकरी सोडायला लागली. त्यांच्या जागा काही भरल्या नाहीत. शिडीही दातांच्या दवाखान्यात नोकरीला गेली. रुग्ण मात्र वाढत गेले, पार व्हरांड्यात स्ट्रेचरवर. नातेवाईक अंगावर यायचे. ताई म्हणायची, "शिव्यांचं काही नाही गं, घाबरलेलं माणूस ओरडतंच."

एका दुपारी व्हरांड्यातले एक म्हातारे शिंपी तिला म्हणाले, "पोरी, जरा बस माझ्याजवळ."

"आलेच, आजोबा."

तेवढ्यात अपघातातली माणसं आली. तिला सवड मिळाली, तोवर आजोबा गेले होते.

डॉक्टर म्हणाले, "ते वाचणार नव्हतेच."

"हो, पण एकटे का जावेत?" ताई म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या सिस्टरांकडे आणखी नर्स मागितल्या. त्या म्हणाल्या, "कुठून आणू गं? मीच सोडायच्या विचारात आहे." दोघी आधी हसल्या, मग एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

पुढं काही महिन्यांत ताईनं राजीनामा दिला. आता ती एका वृद्धाश्रमात आहे. जखमा बांधते, गोळ्या देते, गप्पा मारत बसते. झोपही लागते तिला. पण रस्त्यानं रुग्णवाहिका गेली की बोलता बोलता थांबते.

परवा मी विचारलं, "परत जाशील?"

"पुरेशी माणसं देऊ देत," ती म्हणाली, "उद्या जाते."