चिमणीच्या मापाची बांगडी

नेरूळच्या आमच्या सोसायटीत माझ्या खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या काकू सगळं जग भाजीच्या मापात मोजतात. खिडकीत चिमण्यांसाठी ठेवलेले दाणे कबुतरं आणि एक खार आधीच फस्त करायची. म्हणून काकूंनी जाळीचा पिंजरा केला आणि दार म्हणून त्यात तान्ह्या बाळाची प्लास्टिकची बांगडी बसवली.

"हे बघा वहिनी, चिमणी म्हणजे लिंबू, आत जाणार. कबुतर म्हणजे नारळ, बाहेर बसणार. टेन्शन खल्लास!"

"आणि खार?"

काकूंनी डोळे बारीक केले. "खार म्हणजे भोपळी मिरची. नाय जायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "वहिनी, पळत या! काकडी निघाली ही!"

मी धावत गेले. खारीनं आतले सगळे दाणे संपवले होते आणि आता ती बांगडीतून डोकं बाहेर काढून पोटाशी अडकली होती. "जाताना काकडी होती हो, येताना वांगं झालं!" काकूंना हसून हसून ग्रिल धरायची वेळ आली. डोळे पुसत त्यांनी मागची जाळी सोडवली. खारीनं अंग मागे घेतलं आणि बदामाच्या झाडावर उडी ठोकली.

"आता आणखी लहान बांगडी लावा," मी म्हटलं.

काकू पुन्हा दाणे भरतच होत्या. मूठभर जास्तच.

"राहू दे हो. इतकं जेवून दारात अडकणारं माणूस किती दिवसांनी आलं या घरात!"