धवलारणीची कवळी

मिथुनने आजवर ढिगानं कवळ्या केल्या, पण माणसाच्या तोंडात बसलेली एकही पाहिली नव्हती. भिवंडीतल्या लॅबमध्ये त्याच्यापुढे यायचे ते नुसते प्लास्टरचे जबडे.

२००६च्या लग्नसराईत तो शाळासोबती केसरीनाथच्या भावाच्या हळदीला दिघाशीला गेला. मांडव बायकांनी भरला होता, पण धवला कुणी धरेना. लग्नातली ही गाणी म्हणायचा मान केसरीनाथच्या आत्याचा, रंगूबाईचा. ती गावची धवलारीण. आज मात्र तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसलेली. बायकांनी फारच गळ घातली तेव्हा तिने सूर लावला, आणि दुसऱ्याच ओळीला दात खटखट वाजायला लागले. पोरी फिदीफिदी हसल्या. रंगूबाई उठून आत गेली.

हात धुवायला मिथुन मागच्या पडवीत गेला, तर ती तिथेच बसली होती. शेजारी वाटीत पाण्यात कवळी. कवळीच्या मागच्या कडेला गडद गुलाबी ठिगळ होतं. मिथुनने ते ओळखलं.

ते ठिगळ त्यानेच लावलं होतं. कवळीचं प्लास्टिक उकळत्या पाण्यात शिजवताना तिथे भोक पडलं होतं. वरखालचे दात उंच झालेत, एकमेकांवर आपटणार, हेही त्याला दिसलं होतं. दात पुन्हा मेणात मांडून सगळं पहिल्यापासून करायचा कंटाळा केला. असेल कुणी म्हातारी, डॉक्टर घेतील घासून, म्हणून तशीच पाठवून दिली.

रंगूबाई आपल्याच हिरड्यांना दोष देत होती. डॉक्टर सवय होईल म्हणाला होता. "माजे दात माज्याआधी बोलतान," ती म्हणाली.

मिथुनला गप्प बसता आलं असतं. केसरीनाथलाही कळलं नसतं.

"आत्या, ही कवळी मी केलीय," तो म्हणाला. "चूक तुमच्या हिरड्यांची नाही. माझी आहे. मला तेव्हाच दिसली होती."

ती रागवेल असं त्याला वाटलं. तिने पदर आणखी वर ओढला, बोळकं तोंड झाकलं.

"मी धवलारीण हाय, ह्ये कुनी सांगलं न्हाय तुला?"

कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं, हे तोंड कुणाचं, ते काय करतं.

लग्न तिच्या धवल्याविनाच लागलं. नंतर मिथुनने डॉक्टरांना खरं सांगितलं, चार बोल ऐकून घेतले, आणि नवी कवळी, दात अजून मेणात हलवता येतात तोवरच, घेऊन दवाखान्यात गेला. खुर्चीशेजारी उभं राहून त्याने रंगूबाईला एक ओळ म्हणायला लावली. ती लाजत, अर्ध्या आवाजात म्हणाली. दात वाजले नाहीत.

पुढच्या हंगामात कशेळीच्या एका लग्नात ती गाणार होती. तिने मुद्दाम निरोप धाडला. तिच्या मांडवात तोंड दाखवायची मिथुनला अजून लाज वाटत होती; त्याने ड्युटी आहे म्हणून कळवलं. त्या दिवशी लॅब बंद होती.