टिपाडातलं पाणी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाण्याचं पत्र्याचं टिपाड भरणं. भरलं तिनंच. मी मोटारीपाशी पाना घेऊन बसलो होतो. तिनं शेवटची घागर ओतली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता तरी बोलंल का हे तुमचं भूत?"

मोटार बोटीची होती, मागं लटकवायची, टू-स्ट्रोक. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा कचेऱ्यांचं जुनं सामान इकडचं तिकडं झालं, त्यात पुरासाठी ठेवलेली ही मोटार भंगारात निघाली. नांदेडच्या भंगारवाल्याकडून मी ती किलोवर घेतली. पिस्टन जाम, आत उंदराचं घर.

आम्ही धरणाच्या फुगवट्यात मासे धरायचो. जाळं मी टाकायचो, वल्हं ती मारायची. त्या साली तिला दम लागायला लागला. थोडं गेलं की थांबायची आणि पाण्याकडं बघितल्यासारखं करायची. मी काही विचारलं नाही, मोटार आणली. मला बोलता येत नाही, खटपट येते.

नवे भाग परवडत नव्हते. रिंगा जुन्या स्कूटरच्या, तोंडं कानशीनं घासून बसवल्या. कार्बोरेटरखाली पुठ्ठा कापून घातला. अशी मोटार खालून पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. ते ओढणाऱ्या पंख्याचं रबर मी टायरमधून कापलं. कोरडी चालवली तर हे रबर लगेच जळतं. म्हणून टिपाड पाहिजे, मोटार त्याच्या काठाला लटकवून खालचं टोक पाण्यात बुडवायला.

दुष्काळ होता. फुगवटा कोसभर मागं सरकलेला, मधे गाळ. पिण्याला गावाबाहेरची एकच विहीर.

खरं सांगतो, मोटार बैलगाडीत घालून फुगवट्यापर्यंत नेता आली असती. आधी दोनदा नेली होती. सुरू झाली नाही. तिथं बसलेल्या भोयांतला एक म्हणाला, "मोटारीलाच वल्हं बांध की रे," आणि सगळे हसले. म्हणून तिसऱ्यांदा नेली नाही. घरी सुरू करायची आणि मगच त्यांच्यापुढं न्यायची, असं ठरवलं.

"किती पाणी लागंल?" तिनं विचारलं.

"बारा घागरी."

"बारा? लोकं पिण्याला जपून वापरायलेत."

"तुझं वल्हं सुटंल."

"मला वल्हं नको असं मी कवा म्हणलं?" असं म्हणून तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली. दोन दिवस भरत होती. घरातलं उरलंसुरलंही त्यातच ओतलं. "मोटारीचं झालं की हेच वापरू," म्हणाली.

तर त्या सकाळी मी दोरी ओढायला लागलो. टिपाड हलू नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरून उभी. बऱ्याच वेळानं मोटार फुरफुरली आणि सुरू झाली. निळा धूर झाला, पाणी उसळून तिचं लुगडं भिजलं.

"बंद करा आता, कोंबड्या पळाल्या," ती म्हणाली. हसत होती. मी बंद केली नाही. बाजूच्या भोकातनं पाण्याची धार येते का बघत राहिलो. येत होती, म्हणजे रबर पाणी ओढत होतं.

दुपारी ती जेवली नाही. पाठ भरून आली म्हणाली आणि आडवी झाली. दवाखान्यात न्यायला मी गाडी जुंपेपर्यंत संपलं होतं.

तिला शेवटची आंघोळ घालायला बाया आल्या. एकीनं टिपाडात तांब्या घातला आणि हात मागं घेतला. "दादा, ह्याच्यावर तेल हाय."

पाण्यावर रंगीत तवंग होता. असल्या मोटारीचं तेल पाण्यातच उतरतं. हे मला ठाऊक होतं, तिला सांगितलं नव्हतं. घरात दुसरा थेंब नव्हता. बाया घरी गेल्या आणि कोणी कळशी, कोणी तांब्या घेऊन परत आल्या. पिण्याचं होतं ते. त्यानं तिला आंघोळ घातली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची घागर आणि चुंबळ घेऊन विहिरीवर गेलो. बायांत एकटाच बाप्या. सुतक म्हणून दोराला हात लावला नाही. एका म्हातारीनं शेंदून दिलं.

"खांद्यावर देऊ का?"

"ती न्यायची तशी दे."

म्हातारीनं घागर डोक्यावर दिली. निम्म्या वाटेत मान भरली, म्हणून बसून कशीतरी खाली टेकवली. मग उचलायला गेलो तर गुडघ्याच्या वर येईना. विहिरीच्या कठड्यावरून जमतं, पण भरलेली घागर जमिनीवरून एकट्याला डोक्यावर घेता येत नाही, कोणीतरी हात द्यावा लागतो. आणि ती तर भर उन्हात एकटीच जायची. म्हणजे दम लागला तरी वाटेत कुठंच टेकवत नव्हती.

मी घागर पुढं ठेवून बांधावर बसलो, कोणी हात द्यायला येईपर्यंत.